जमिनीखालील इंधनवाहिनीची गळती आणि शेतजमिनीची शुद्धी

सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यात सासवड नावाचे गाव आहे. पुरंदर तालुक्यातील प्रसिद्ध सासवडहून ते निराळे. त्याच्या शिवारातून हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई–पुणे–सोलापूर ही इंधनवाहिनी जमिनीखालून गेलेली आहे. २०२१ सालच्या आरंभी चोरट्यांनी या वाहिनीला भोक पाडून पेट्रोल चोरण्याचा उद्योग केला. चोरट्यांच्या पदरात पडले ते थोडेच. परंतु दाबाखाली वाहणारे पेट्रोल त्या भोकातून बाहेर येत राहिले आणि हजारो लिटर जमिनीत मुरले. आसपासच्या विहिरींत पाण्याबरोबर पेट्रोल दिसू लागले व उभी पिके करपली. ज्यांचा त्या चोरीशी काडीचाही संबंध नव्हता, अशा शेतकऱ्यांच्या जमिनी आणि विहिरी एका रात्रीत संकटात सापडल्या.

कोल्हापूर जिल्ह्यात ‘पाइपलाइन’ हा शब्द उच्चारला की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रथम नदीवरून मळ्यात पाणी आणणारी नळवाहिनी उभी राहते. इंधनाची वाहिनी हा विषय परक्या मुलखातला वाटतो. परंतु दाभोळहून बेंगळूरुकडे जाणारी, २०१३ मध्ये सुरू झालेली नैसर्गिक वायूची वाहिनी या जिल्ह्यातून गेलेली आहे. शहरांतून व मोठ्या गावांतून घरगुती वायूच्या नळ्या पसरत आहेत. शिवाय प्रत्येक पेट्रोल पंपाखाली टाक्या पुरलेल्या असतात, आणि त्यांतील अनेक पंप विहिरींच्या व उसाच्या फडांच्या अगदी शेजारी आहेत. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी बंधू यांनी हा विषय एकदा नीट समजावून घेणे अगत्याचे आहे. अशा प्रसंगी तज्ज्ञांची तुकडी येऊन पोहोचण्यास वेळ लागतो. तोपर्यंतचे काही तास गावाच्या हाती असतात, आणि जमिनीत व विहिरीत किती इंधन जाईल हे बरेचसे त्या तासांतच ठरून जाते.

इंधन जमिनीत कसे वागते

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर पाणी एक किलो भरते, तर एक लिटर पेट्रोल सुमारे पाऊण किलो व डिझेल ८३० ग्रॅमच्या आसपास भरते. त्यामुळे जमिनीत सांडलेले इंधन सरळ खाली उतरते व भूजलाच्या पातळीला लागले की त्यावर तरंगत आडवे पसरू लागते. खाली उतरताना मातीच्या कणाकणाला त्याचा काही अंश चिकटून राहतो. हा चिकटलेला अंश पंपाने उपसता येत नाही, आणि पुढे वर्षानुवर्षे त्रास देतो तो हाच.

शिरोळ, हातकणंगले या भागांतील भारी काळी जमीन ओली असताना फुगते व इंधनाला सहजासहजी वाट देत नाही. तीच जमीन उन्हाळ्यात भेगाळते, आणि मग त्या भेगांतून इंधन थेट खालच्या मुरमात जाते. मुरूम व फुटका कातळ यांतील फटींतून ते किती दूर जाईल याचा अंदाज पृष्ठभाग पाहून बांधता येत नाही. गळती एका गटात आणि पेट्रोल तिसऱ्याच गटातील विहिरीत, असे घडू शकते ते याच कारणाने. शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड या पश्चिमेकडील तालुक्यांतील तांबड्या, जांभ्याच्या जमिनी सच्छिद्र असतात. तेथे भर पावसात पाणी व इंधन दोन्ही झपाट्याने उताराकडे सरकतात.

शिरोळ तालुक्यापुरती आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी तेथे अनेक ठिकाणी जमिनीखाली सच्छिद्र नळ्यांची निचरा व्यवस्था बसविलेली आहे. पाण्यासाठी केलेली ही वाट इंधनालाही तितकीच सोयीची असते. अशा शेतात गळती झाली तर इंधन नळ्यांतून थेट ओढ्यात उतरेल. म्हणून या नळ्यांची तोंडे कोठे उघडतात याचा नकाशा ग्रामपंचायतीत असावा, आणि प्रसंगी ती तोंडे बंद करण्याची तजवीज तज्ज्ञांच्या सल्ल्याने तत्काळ करता यावी.

पेट्रोलचा काही भाग पाण्यात विरघळतो. त्यांपैकी बेंझीन हे द्रव्य कर्करोगास कारण होते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा एका लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकी अल्प ठेवलेली आहे. आपल्याकडील पेट्रोलमध्ये बेंझीन आकारमानाने एक टक्क्यापर्यंत असू शकते. आता हिशेब करून पाहावा. एक लिटर पेट्रोलमध्ये १० मिलिलिटर, म्हणजे सुमारे पावणेनऊ ग्रॅम बेंझीन आले. ते सर्व विरघळले तर पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत दूषित होईल. वीस फूट व्यासाच्या विहिरीत सोळा फूट पाणी असले तर ते सुमारे १ लाख ४० हजार लिटर भरते. म्हणजे अशा सहा विहिरी झाल्या. प्रत्यक्षात बेंझीनचा बराचसा भाग हवेत उडून जातो, हे खरे. तरीही एका लिटरची ही शक्ती विसरू नये. उकळण्याने, तुरटी फिरविण्याने किंवा ब्लीचिंग पावडर टाकण्याने असे पाणी पिण्यालायक होत नाही. चुलीवर उकळणे तर आगीला निमंत्रण देणे होय.

गळती कशी ओळखावी

वाहिनीचा मार्ग दाखविणारे खांब व फलक बांधावर, रस्त्याकडेला व ओढ्याच्या काठी लावलेले असतात. त्यांवर कंपनीचे नाव व आणीबाणीचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून ठेवावा. गवताआड गेलेला फलक ऐन वेळी रात्री कोणाला सापडत नाही.

वाहिनीच्या पट्ट्यात इंधनाचा वास येणे ही पहिली खूण. आसपासचे पीक हिरवे असताना एखादा ठिगळासारखा भाग पिवळा पडणे, पाणी साचलेल्या जागी बुडबुडे उठणे, जमिनीतून फुसफुस असा आवाज येणे, विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसणे, या इतर खुणा होत. तवंगाच्या बाबतीत मात्र फसगत होते. लोहयुक्त पाण्यावर जिवाणूंमुळेही असाच चमकदार पापुद्रा येतो. ओढ्याच्या किंवा डबक्याच्या काठी, जेथे इंधनाचा वास मुळीच नाही अशा ठिकाणी, लांब काठीने तो हलवून पाहावा. जिवाणूंचा पापुद्रा काचेसारखा तुकड्या-तुकड्यांत फुटतो व तुकडे अलग राहतात. तेलाचा तवंग फिरतो, ताणला जातो आणि पुन्हा एकत्र येतो. वास येत असेल तर ही परीक्षा करण्याच्या भरीस पडू नये. नाकाने दिलेला पुरावा पुरेसा आहे.

वाहिनीचा दाब दूरच्या केंद्रातून यंत्रांनी सतत पाहिला जातो, मग आपण कशाला लक्ष ठेवावे, असे कोणी म्हणेल. २०१३ साली अमेरिकेतील उत्तर डकोटा राज्यात टायोगा या गावाजवळ गव्हाची कापणी करणाऱ्या शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात तेलाचा वास आला. तपास करता वाहिनीला पाव इंच व्यासाचे भोक पडलेले आढळले, आणि तोपर्यंत लाखो लिटर कच्चे तेल त्याच्या शेतात पसरलेले होते. बारीक भोकातून होणारी गळती यंत्रांच्या नजरेतून सुटू शकते. ती जमीन खोलवर खणून, माती भट्टीत तापवून स्वच्छ करण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले.

पहिला तास

वास आला की प्रथम वाऱ्याची दिशा पाहावी व वाऱ्याच्या उलट बाजूस, चढाकडे निघून जावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर न जाता पाटातून, चरातून, ओढ्यातून जमिनीलगत पाण्यासारखी वाहते व सखल जागी साचते. तिला ठिणगी मिळाली की आग उलट्या पावली गळतीपर्यंत पोहोचते. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो. पण घरात किंवा छपराखाली कोंडला तर तोही तितकाच घातक. मोठी गळती असेल तर वाऱ्याच्या दिशेने निदान ३०० मीटरपर्यंतची घरे व गोठे रिकामे करावेत. पेट घेतलेली गळती असेल तर हे अंतर ८०० मीटर धरावे.

सुरक्षित अंतरावर आल्यावरच दूरध्वनी करावा. फलकावरील कंपनीचा क्रमांक, ११२, अग्निशमनाचा १०१ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे चारही क्रमांक पोलीस पाटील व ग्रामसेवक यांना पाठ असावेत. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणावयाचे, हे आम्हांस ठाऊक आहे. पण गाव त्यांना ज्या नावाने हाक मारते तेच येथे वापरले आहे. निरोपात गट क्रमांक, जवळच्या फलकावरील क्रमांक, वास येतो की द्रव दिसतो, आणि जवळ विहीर वा ओढा आहे काय, एवढे सांगितले म्हणजे कंपनीच्या लोकांना कोणत्या झडपा बंद करावयाच्या ते ठरविता येते. वाहिनीची कोणतीही झडप गावकऱ्यांनी स्वतः फिरवू नये. झडपा बंद झाल्यावरही दोन झडपांमधील इंधन काही काळ गळत राहते, हे ध्यानात ठेवावे.

ठिणगी म्हणजे केवळ विडी-काडी नव्हे. आपल्या जिल्ह्यात हंगामात गुऱ्हाळांची चुलवाणे रात्रंदिवस पेटलेली असतात. गळतीच्या वाऱ्याखाली गुऱ्हाळ असेल तर प्रथम तेथे माणूस धाडावा. फडातील पाचट पेटविण्याची सवय तर वाहिनीच्या पट्ट्यात कायमचीच सोडली पाहिजे. पाचट कुजवून जमिनीला परत देण्याचे इतर लाभ शेतकरी बंधूंना आम्ही वेळोवेळी सांगितले आहेतच. ट्रॅक्टर, मोटारसायकल सुरू करणे किंवा बंद करणे, दिव्याचे बटण दाबणे, यांनीही ठिणगी पडते.

विहिरीवरील मोटारींविषयी विशेष सावध राहावे. शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते, म्हणून अनेकांनी पंपांना ऑटोस्विच बसविलेले असतात. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. गळतीच्या प्रसंगी यात दुहेरी धोका असतो. एक तर स्टार्टरमध्ये ठिणगी पडते. दुसरे असे की, उपसा सुरू झाला की विहिरीभोवतालची पाण्याची पातळी खाली जाते व तरंगणारे इंधन चहूकडून त्या विहिरीकडे ओढले जाते. मोटार बंद करण्यासाठी पेटीपाशी धावू नये. बंद करतानाही ठिणगी उडतेच. महावितरणच्या कर्मचाऱ्यांना कळवून त्या भागाचा वीजपुरवठा दुरूनच तोडावा.

विहिरीत वायू आहे काय हे पाहण्यासाठी पेटता कंदील खाली सोडण्याची जुनी रीत आहे. कुजट वायू ओळखण्यास ती उपयोगी असेल. पेट्रोल उतरलेल्या विहिरीत तीच रीत स्फोट घडवील. तवंग काढण्यासाठी किंवा मोटार वर घेण्यासाठी कोणीही विहिरीत उतरू नये. तेथे साचलेल्या वाफेने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढावयास उतरलेला दुसराही.

सांडलेले पेट्रोल डबे-घागरींनी भरून नेण्याचा मोह हा सर्वांत घातक. मेक्सिको देशातील त्लाउएलिल्पान या गावी १८ जानेवारी २०१९ रोजी फोडलेल्या वाहिनीतून उसळणारे पेट्रोल भरण्यास शेकडो माणसे जमली होती. आग भडकली आणि शंभराहून अधिक लोक प्राणास मुकले. आपल्या देशात, आंध्र प्रदेशातील नगरम येथे २७ जून २०१४ रोजी वायुवाहिनीच्या गळतीस आग लागून वीसहून अधिक माणसे दगावली. गावात दवंडी द्यावयाची ती प्रथम याचसाठी: मुले व माणसे तेथे जाऊ नयेत, आणि विहिरीचे पाणी कोणी पिऊ नये, जनावरांना पाजू नये.

ओढा आणि नदी

इंधन ओढ्यात उतरले तर ते पाण्यावर तरंगत पंचगंगेकडे किंवा तिच्या उपनद्यांकडे निघते. वाटेत उपसा योजनांचे जॅकवेल असतात. त्यांतून तवंग ओढला गेला तर एका शेताचे संकट पाचशे एकरांवर शिंपडले जाईल. म्हणून खालच्या अंगाच्या सर्व उपसा संस्थांना व नळपाणी योजनांना उपसा थांबविण्याचा निरोप ताबडतोब द्यावा.

ओढा लहान असेल व कंपनीच्या तज्ज्ञांनी जागा सुरक्षित असल्याचे सांगितले असेल, तर खालच्या अंगाला मातीचा बांध घालून त्यात नळ तिरपा बसवितात. नळाचे वरच्या अंगाचे तोंड तळाशी व खालच्या अंगाचे तोंड उंच ठेवितात. तळाचे स्वच्छ पाणी नळातून पुढे जाते आणि तरंगणारे तेल बांधामागे अडते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या बाबतीत नेमकी याच्या उलट स्थिती असते. बरगे घातलेला बंधारा भरला की पाणी वरून सांडते, म्हणजे तवंग सर्वांच्या आधी पुढे जातो. त्यामुळे बरग्यांविषयीचा निर्णय पाटबंधारे विभागाच्या अधिकाऱ्यांवरच सोपवावा.

डिझेल किंवा जड तेल अडविण्यास उसाची चिपाडे, भाताचे तूस व काथ्या गोणपाटात भरून केलेल्या माळा उपयोगी पडतात. पेट्रोलच्या बाबतीत मात्र गावकऱ्यांनी हे काम अंगावर घेऊ नये. चिपाडे तेलाबरोबर पाणीही पितात व काही वेळाने बुडू लागतात; त्यांना वेळीच बाहेर काढावे लागते. काढलेली चिपाडे पुन्हा गुऱ्हाळाच्या चुलवाणात घालण्याचा विचारही करू नये. ती प्लॅस्टिकच्या कागदावर झाकून ठेवून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृत केलेल्या यंत्रणेच्या स्वाधीन करावीत. तवंगावर कपडे धुण्याची पावडर ओतून तो ‘नाहीसा’ करण्याचा उपाय काही जण सुचवितात. त्याने तेल नाहीसे होत नाही. बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळते आणि मग काढणे अशक्य होऊन बसते.

जमिनीची शुद्धी

आग व गळती आटोक्यात आली म्हणजे खरे दीर्घ काम सुरू होते. भूजलावर साठलेले इंधन सुरक्षित पंपांनी वरच्यावर काढणे ही पहिली पायरी. पहिल्या दिवशी आपण उपसा बंद करावयास सांगितले आणि आता तज्ज्ञ मुद्दाम उपसा करीत आहेत, हे पाहून गावकरी गोंधळतात. येथे इंधन एका ठरावीक जागी ओढून घेऊन गोळा करावयाचे असते, व त्यासाठी ठिणगी न पडणारी यंत्रे वापरलेली असतात. पेट्रोल लवकर उडणारे असल्याने जमिनीत नळ बसवून त्याची वाफ शोषून घेता येते. डिझेल त्या मानाने उडत नाही. त्याला मातीतच संपवावे लागते, आणि या कामी मातीतील जिवाणूच आपले गडी होत.

शेतात टाकलेले शेणखत ज्यांच्या योगे कुजते, त्यांच्याच जातभाईंपैकी काही जिवाणू तेल खाऊन जगतात. दिल्लीच्या टेरी या संस्थेने अशा निवडक जिवाणूंचे मिश्रण ‘ऑइलझॅपर’ या नावाने तयार केले असून तेलाने दूषित झालेल्या जमिनींवर त्याचा वापर झालेला आहे. परंतु जिवाणू बाहेरचे असोत की मातीतले, त्यांना हवा, ओल, नत्र व स्फुरद हे चारही हवेत. तेलात कर्ब भरपूर व नत्र जवळजवळ नाही. त्यामुळे जिवाणू मातीतील नत्र खाऊन टाकतात, आणि अशा जमिनीतील पीक भुकेले, फिकट दिसते. तेल उरलेले नसले तरी काही काळ हा परिणाम जाणवतो.

खणून काढलेली माती कंपनीच्या खर्चाने व मंडळाच्या देखरेखीखाली वाफ्यांवर पसरवून शुद्ध करता येते. खाली जाड प्लॅस्टिक, भोवती बांध, त्यात सुमारे एक फूट जाडीचा मातीचा थर, थोडे चांगले कुजलेले शेणखत, अशी रचना असते. १०० भाग कर्बामागे सुमारे १० भाग नत्र व १ भाग स्फुरद असे प्रमाण धरतात. समजा, एक टन मातीत ५ किलो डिझेल आहे. त्यात कर्ब सुमारे ४.३ किलो, त्याला नत्र ०.४३ किलो, म्हणजे सुमारे एक किलो युरिया लागेल. स्फुरदासाठी अर्धा ते पाऊण किलो सिंगल सुपर फॉस्फेट पुरे. हे एकदम न देता तीन-चार हप्त्यांत द्यावे, कारण जास्त खताने माती खारट होऊन जिवाणूच मरतात. दर आठ-पंधरा दिवसांनी माती वरखाली करावी. ओल इतकी असावी की मूठ आवळली असता माती गोळा होईल, पण बोटांतून पाणी सुटणार नाही. पश्चिमेकडील आम्लधर्मी मातीत तपासणीनुसार चुना मिसळावा. आपल्याकडील पावसाळ्यात वाफ्यांवर छप्पर हवेच. माती चिबडली की तिच्यातील हवा संपते व काम थांबते. शिवाय बांध फुटला तर तेल पुन्हा शिवारात. पेट्रोलच्या मातीची वाफ मोजून ती सुरक्षित ठरल्याशिवाय तिला नांगर वा ट्रॅक्टर लावू नये.

या कामास किती काळ लागतो? वाफ्यावरील डिझेलयुक्त माती काही महिन्यांत बरीच सुधारते. खोल मुरलेल्या तेलाची गोष्ट वेगळी. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी वाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले. त्यांतील पाऊण भाग गोळा करण्यात किंवा काढून टाकण्यात आला. सुमारे ४ लाख लिटर जमिनीत राहिले. तेथील भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था १९८३ पासून त्या जागेचा अभ्यास करीत आहे. जिवाणू तेल खात आहेत व त्यांच्यामुळेच दूषित पाणी फार दूर पसरू शकले नाही, असे आढळले. परंतु चार दशकांनंतरही तेल पुरते संपलेले नाही. जमीन आपोआप बरी होते म्हणून स्वस्थ बसण्याचा सल्ला जर कोणी देईल, तर त्याला हे उदाहरण सांगावे. त्याचप्रमाणे वर दोन ट्रॉल्या नवी माती टाकून विषय मिटविण्यासही शेतकऱ्याने संमती देऊ नये.

नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश, सामू इत्यादी कळते. तेल कळत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी करावी लागते. मात्र जमीन किती सावरली याचा ढोबळ अंदाज शेतकऱ्याला घरीही घेता येतो. तज्ज्ञांनी माती हाताळण्यास परवानगी दिल्यावर बाधित शेतातील माती तीन कुंड्यांत व शेजारच्या निर्दोष शेतातील माती तीन कुंड्यांत भरावी. प्रत्येकीत शाळूचे वीस-वीस दाणे पेरावेत आणि दहा दिवसांनी उगवण व मुळांची लांबी पडताळून पाहावी. बाधित मातीत पाणी वरच थबकत असेल, तर तेलाचा लेप अजून कणांवर आहे असे समजावे. उगवण चांगली झाली म्हणजे धान्य खाण्यास योग्य झाले, असा अर्थ मात्र नव्हे. तो निर्णय प्रयोगशाळेचा. पहिले पीक ताग किंवा धैंचा घेऊन ते जमिनीत गाडावे. भुईमूग, रताळी, मुळा यांसारखी जमिनीत वाढणारी पिके व दुभत्या जनावरांची वैरण पहिल्या हंगामात घेऊ नये.

पंचनामा, हक्क आणि विहिरीवरील पुढील देखरेख

१९६२ च्या पेट्रोलियम वाहिनीविषयक अधिनियमानुसार वाहिनीखालील जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. कंपनीला केवळ वापराचा हक्क मिळतो. शेतकऱ्याने त्या पट्ट्यात पिके घ्यावीत, पण इमारत बांधू नये, विहीर वा तळे खणू नये, झाड लावू नये. नदीवरून नवी पाइपलाइन आणताना खोदणारे यंत्र याच पट्ट्यावरून आडवे जाते, म्हणून खोदाईपूर्वी कंपनीला कळविणे हे शेतकऱ्याच्याही हिताचे. वाहिनी फोडणाऱ्यास २०११ च्या दुरुस्तीने कडक कारावासाची तरतूद झाली आहे.

भरपाईसाठी तलाठी, कृषी सहायक व पोलीस पाटील यांच्या समक्ष पंचनामा तत्काळ करून घ्यावा. त्यात गट क्रमांक, पिकाची अवस्था, विहिरीतील पाण्याची खोली, दगावलेली जनावरे, बंद पडलेला उपसा व टँकरने आणलेल्या पाण्याचा खर्च यांची तारीखवार नोंद असावी. पाण्याचे नमुने प्रदूषण नियंत्रण मंडळ किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा यांच्या कर्मचाऱ्यांकडून घ्यावेत. ते काचेच्या बाटलीत, वर हवा न राहता काठोकाठ भरून, बर्फात ठेवून न्यावे लागतात; घरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतील नमुना निरुपयोगी ठरतो. वरच्या अंगाच्या, बाधा न झालेल्या विहिरीचा नमुनाही घेण्याचा आग्रह धरावा, म्हणजे पुढे तुलना करता येते. धोकादायक पदार्थांच्या अपघाताबाबत १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो व त्यात कोणाची चूक होती हे शेतकऱ्याला सिद्ध करावे लागत नाही. २०१० च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यास आहे. भरपाईसाठी तेथे पाच वर्षांच्या आत दाद मागावी लागते.

विहीर स्वच्छ झाल्याचा एक अहवाल हाती आला म्हणून लगेच ती पिण्यासाठी खुली करू नये. उन्हाळ्यात भूजल खाली गेले की इंधनही त्याच्याबरोबर खाली जाते व तेथील मातीला चिकटते. पावसाळ्यात पाणी वर चढले की ते पुन्हा सुटते. २०१९ व २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने ज्या गावांत विहिरी काठापर्यंत भरल्या, तेथे ही चढ-उतार किती मोठी असते हे सांगावयास नको. म्हणून निदान एक पूर्ण पावसाळा व एक पूर्ण उन्हाळा उलटेपर्यंत, दर तीन महिन्यांनी बाधित विहीर व तिच्या उताराकडील विहिरी यांचे पाणी तपासून घ्यावे. प्रत्येक अहवालाची प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात गट क्रमांकानुसार लावून ठेवावी आणि तोपर्यंत त्या वस्तीच्या पिण्याच्या पाण्याची सोय दुसरीकडून चालू ठेवावी.